अंडी बसवायची की तलंगा आणायच्या?

पाऊस उघडला, सुगीची धांदल सरली की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. परसात जागा आहे. धान्याचं निवडण, उरलेला भात, भाकरीचे तुकडे रोज निघतात. मुलांना घरची अंडी मिळावीत असं वाटतं. मग कुणी म्हणतं, शेजारून डझनभर अंडी आणून बसवू. कुणी म्हणतं, इतकी वाट कशाला बघायची, बाजारातून अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, तलंगाच आणू.

दोन्ही रीती चांगल्या आहेत. फक्त प्रत्येक रीत प्रत्येक घराला मानवत नाही. म्हणून पैसे बाहेर काढण्याआधी घरातल्यांनी एकदा बसून तीन गोष्टी बोलून घ्या.

पहिली गोष्ट, अंडी कधी हवीत? कोंबडीखाली अंडी बसवली की 21 दिवसांनी पिल्लं निघतात. गावरान पिल्लू अंड्यावर यायला त्यापुढे सहा-सात महिने जातात. म्हणजे दिवाळीत अंडी बसवलीत तर घरचं पहिलं अंडं हातात येईपर्यंत मृग तोंडावर येतो. पाच महिन्यांची तलंग आणलीत तर महिना-दीड महिन्यात, कधी त्याआधीही, अंडं दिसतं. घरात लहान मूल आहे, बाळंतीण आहे, अंडी लवकर हवीत, तर हा फरक मोठा आहे.

दुसरी गोष्ट, किती कोंबड्या हव्यात? बारा अंड्यांच्या बारा कोंबड्या होत नाहीत, हे आधीच मनाशी धरा. बारातली नऊ फुटली असं समजू. त्यात निम्मे कोंबडे. उरल्या चार-पाच माद्या. त्यातली एखादी घार नेते, एखादं पिल्लू आजारात जातं. हाती तीन तलंगा लागल्या तर बसवणं चांगलं उतरलं म्हणायचं. कोंबडे किती आणि माद्या किती, हे अंडी बघून कुणालाही सांगता येत नाही. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं गावोगाव सांगतात. त्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट, दिवसभर घरी कोण असतं? तलंगांना सकाळी सोडणं आणि तिन्हीसांजेला कोंडणं एवढं जमलं तरी भागतं. पिल्लांचं तसं नाही. पहिला महिना त्यांच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी बघावं लागतं. घरातले सगळे शेतावर किंवा नोकरीवर जात असतील तर पिल्लांचा घाट घालू नका.

माझं मत विचाराल तर सरळ सांगते. कोंबड्या पहिल्यांदाच पाळत असाल तर तीन-चार तलंगा आणा. वर्षभर त्यांची सवय होऊ द्या. दाणा किती लागतो, मुंगूस कुठून येतो, आजारी कोंबडी कशी ओळखायची, हे सगळं त्यात कळतं. पुढे त्यातली एखादी खुडूक बसली की मग तिच्याखाली अंडी ठेवा. घरात आधीच कोंबड्या आहेत, कोंबडा आहे आणि एक चांगली खुडूक आहे, तर मात्र बाहेर पैसे घालू नका. अंडीच बसवा.

आता खर्चाचं बोलू. अंडं स्वस्त आणि तलंग महाग, असं वरून दिसतं. पण तलंगेच्या किमतीत कुणीतरी पाच महिने घातलेला दाणा असतो, लसी असतात आणि मेलेल्या पिल्लांची झीजही असते. अंडी बसवलीत की हाच खर्च तुम्ही थोडा थोडा करता. शेतातली ज्वारी, मका, तांदळाची कणी घरची असेल आणि परस मोठं असेल, तर बसवणं खरंच स्वस्त पडतं. सगळं खाद्य दुकानातून विकत आणणार असाल तर फारसं काही वाचत नाही.

आणखी एक खर्च बायकांच्या लक्षात असतो, पण हिशेबात कुणी धरत नाही. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. तीन आठवडे ती रवणावर, म्हणजे उबवायच्या अंड्यांवर बसते आणि नंतर दीड-दोन महिने पिल्लं घेऊन हिंडते. एवढे दिवस तिचं अंडं नाही. घरात दोनच कोंबड्या असतील तर ही ओढ जाणवते.

अंडी बसवणार असाल तर

अंडी कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा पुरतो. दुकानात मिळणारी पांढरी अंडी बसवून उपयोग नाही. त्या अंड्यांच्या फार्मवर कोंबडा नसतोच, त्यामुळे ती कधीच फुटत नाहीत. कोंबडा नवीन आणला असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग अंडी साठवायला घ्या.

मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची, स्वच्छ अंडी निवडा. फार मोठं नको, फार लहान नको, तडा गेलेलं तर अजिबात नको. अंडं धुऊ नका. धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो आणि घाण आत शिरते. फ्रिजमध्ये ठेवू नका. टोपलीत धान्य किंवा कोरडी वाळू घ्या आणि रुंद टोक वर करून अंडी त्यात रोवा. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नका. दुसऱ्या गावाहून आणली असतील तर एक रात्र निवांत ठेवा आणि मग बसवा.

गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जातींची अंडी घरी बसवावीत का, असं पुष्कळ जण विचारतात. बसवली तर फुटतात. पण या जाती निवडक नर-मादीच्या मेळातून तयार केलेल्या असतात. त्यांच्या पिल्लांत आईइतकी अंडी देण्याचा गुण टिकेलच असं नाही. त्या हव्या असतील तर दर वेळी नवीन पिल्लं किंवा तलंगा आणणं बरं. शिवाय या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. कडकनाथही अंड्यांवर नीट बसत नाही. रवणासाठी आपली गावरान कोंबडीच हवी.

कोंबडी खरी खुडूक आहे का ते पारखून घ्या. ती जागेवरून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवते, कुर्रकुर्र करते, चोच मारते. दोन दिवस तिला चार अंड्यांवर बसवून बघा. रात्रीही तिथेच राहिली तर खरी. अर्ध्यावर उठून जाणारी कोंबडी सगळं रवण वाया घालवते.

पाटी किंवा जुनं घमेलं घ्या. खाली थोडी माती, त्यावर चुलीतली राख, वर भाताचा पेंढा, मध्ये जरा खोलगट जागा. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. कोंबडीच्या पंखांखालीही थोडी राख चोळा. दहा-बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली की कडेची अंडी गार पडतात. काही घरांत रवणात कोळसा, मिरची किंवा लोखंडाचा खिळा ठेवतात. ठेवायचं असेल तर ठेवा, त्याने नुकसान काही नाही. अंधार पडल्यावर कोंबडीला अलगद उचलून अंड्यांवर ठेवा. रात्री ती शांत बसते.

दिवसातून एकदा ती उठेल, दाणा-पाणी घेईल, धुळीत लोळेल, पंधरा-वीस मिनिटांत परत येईल. तेवढ्यात अंडी बिघडत नाहीत. दाणा आणि पाणी जवळच ठेवा. जागा अंधारी, कोरडी आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर असू द्या.

सातव्या रात्री अंडी तपासा. खोलीत अंधार करा. मोबाइलची बॅटरी लावून तिच्या उजेडावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. आत लाल बारीक शिरांचं जाळं आणि मध्ये एक गडद ठिपका दिसला तर अंडं जितं आहे. काचेसारखं निर्मळ दिसलं तर त्यात पिल्लू धरलेलं नाही. ते काढून टाका. चौदाव्या रात्री पुन्हा बघा. आता जितं अंडं बहुतेक काळं दिसतं, फक्त रुंद टोकाला उजेड राहतो. कुजलेलं अंडं वासावरून कळतं. ते रवणात फुटलं तर बाकीची अंडीही बिघडतात, म्हणून आळस करू नका.

अठराव्या दिवसापासून हात लावू नका. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला टोच पडते. टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधीकधी पूर्ण दिवस लागतो. तुमचा जीव तळमळेल. तरी कवच सोलू नका. आतल्या शिरा अजून ओल्या असतात. घाई केली की रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दिवसभर सहज राहतं. आई उठेपर्यंत खायला घालायची घाई नको.

वैशाखाच्या काहिलीत मात्र अंडी बसवू नका. विदर्भ-मराठवाड्यात त्या दिवसांत अंडी नुसती टोपलीत ठेवूनही बिघडतात. कोकणात भर पावसात पिल्लं निघाली तर ओल त्यांना सोसत नाही. ओल्या जागेत रक्ती हगवण लागते. पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचा काळ बरा.

अंडी उबवायचं लहान यंत्र घ्यावं का, असं तरुण मुलं विचारतात. पाच-दहा पिल्लांसाठी घेऊ नका. त्यात साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता एकसारखी राहावी लागते, ओलावा सांभाळावा लागतो, अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावी लागतात. रात्री चार तास वीज गेली तर काय करणार, याचं उत्तर तयार असेल तरच पुढे जा. आणि यंत्रातल्या पिल्लांना आई नसते. ऊब, खाणं, घारीपासून राखण, सगळं तुमच्यावर येतं.

पिल्लांचा पहिला महिना

आई असेल तर ऊब तीच देते. तुम्ही पाणी आणि राखण बघा. पाण्याची ताटली उथळ हवी. तिच्यात चार खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. पहिले दिवस बारीक कणी आणि मक्या-ज्वारीचा भरडा द्या. नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत. थोडी शेंगदाण्याची पेंड, कोकणात असाल तर सुकटीचा चुरा, नाहीतर पिल्लांचं तयार खाद्य मिसळा.

आई नसेल तर खोक्यात भाताचं तूस पसरा आणि वर साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगा. पंचवीस-तीस पिल्लांना तो पुरतो. ऊब बरोबर आहे की नाही हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे पसरून चरत असतील तर बेत बरोबर जमला.

घार, कावळा, मांजर, मुंगूस, घूस आणि साप, सगळे पिल्लांवर टपलेले असतात. पहिले तीन-चार आठवडे डालग्याखालीच ठेवा. अंगणात सोडाल तेव्हा कुणीतरी जवळ बसा. खुराड्याची जाळी बारीक हवी आणि दार खालून घट्ट बसायला हवं. मुंगसाला थोडीशी फट पुरते.

मानमोडीची लस चुकवू नका. या रोगात कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगते आणि बघता बघता अख्खं खुराडं रिकामं होतं. एकदा लागल्यावर औषध नाही. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. चौथ्या आठवड्यात पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्यानंतर टोचतात. देवीची लसही याच काळात पंखात देतात. तुमच्या जनावरांच्या दवाखान्यातून तारखा विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. तुमच्याकडे नऊ पिल्लं. म्हणून पुष्कळ घरं लसच टाळतात. तसं करू नका. आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक बाटली आणा आणि एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्या. बाटली बर्फात आणा. कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवा. उरलेली लस दुसऱ्या दिवशी चालत नाही.

आणि नर कोंबड्यांचं काय करायचं हे अंडी बसवतानाच ठरवा. चार-पाच महिन्यांचे झाले की ते भांडतात, माद्यांना त्रास देतात, दाणा खातात. गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. विकायचे, घरी खायचे की कुणाला द्यायचे, ते आधी बोलून घ्या. मुलांनी प्रत्येक पिल्लाला नाव ठेवल्यावर हे बोलणं अवघड जातं. शहरात राहत असाल तर पहाटेचं आरवणं शेजाऱ्यांना चालेल का आणि तुमच्या भागात कोंबड्या पाळता येतात का, हे विचारून घ्या. तिथे दोन-तीन तलंगाच बऱ्या. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो.

तलंगा घेणार असाल तर

आठवडी बाजारात चार गावच्या कोंबड्या एका पाटीत येतात. त्यांच्याबरोबर रोगही येतो. शक्यतो ओळखीच्या घरून किंवा उबवणी केंद्रातून घ्या.

कोंबडी दिवसा उजेडी बघा आणि हातात धरून बघा. डोळा चमकदार हवा. नाकाला पाणी नको. कानाशी धरा, श्वासाचा घरघर आवाज येतो का ऐका. पंख उचलून उवा बघा. शेपटीखालची पिसं घाणीने चिकटलेली नकोत. पायावरचे खवले गुळगुळीत हवेत. खवले खडबडीत, उचललेले आणि नखं लांब वाढलेली असतील तर ती तलंग नाही, म्हातारी कोंबडी आहे.

तुरा बघा. फिका, लहान तुरा म्हणजे अंड्यावर यायला अवकाश आहे. लाल, भरलेला तुरा म्हणजे दिवस जवळ आले. पाठीवर हात ठेवला की अशी तलंग पाय मोडून खाली बसते. शेपटीखाली दोन हाडं लागतात. त्यांच्यामध्ये तुमचं एकच बोट बसत असेल तर वेळ आहे. दोन-तीन बोटं बसली तर ती अंडी देते आहे. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. विकणाऱ्याला राग येईल म्हणून संकोचू नका.

विचारा: वय किती? मानमोडीची लस कधी दिली? खायला काय घालता? जे खात होती तेच पहिले आठ-दहा दिवस घाला.

दोन ठिकाणी फसगत होते. अंड्याच्या फार्मवरून दीड-दोन वर्षांच्या थकलेल्या कोंबड्या काढतात आणि त्या स्वस्तात विकायला येतात. अंड्यासाठी त्या घेऊ नका. दुसरी फसगत रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या रंगीत पिल्लांची. अंड्यांच्या जातीत नर पिल्लांचा फार्मवाल्यांना उपयोग नसतो. तीच रंगवून विकायला येतात. मुलं हट्ट करतात, पण त्यांतून अंडी देणारी कोंबडी मिळायची आशा धरू नका.

आणलेल्या तलंगा जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नका. तीन आठवडे वेगळ्या ठेवा. त्यांचं भांडं वेगळं, आणि आधी जुन्यांना दाणा घालून मग नव्यांकडे जा. एकटी तलंग आणू नका, दोन-तीन तरी आणा. एकटीला जुन्या कोंबड्या फार छळतात. तीन आठवड्यांनी रात्री त्यांना जुन्यांशेजारी खुराड्यात ठेवा. प्रवासाच्या धसक्याने पहिले काही दिवस अंडं येत नाही. घाबरून औषधं देऊ नका. अंड्यावर आल्या की कुटलेले शिंपले एका भांड्यात ठेवा, नाहीतर कवच पातळ होतं.

सरकारी योजनेतही तलंगा मिळतात. तलंगा गटात 8 ते 10 आठवड्यांच्या 25 माद्या आणि 3 नर असतात आणि निम्मं अनुदान असतं. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. पण एवढ्या वयाची तलंग अंड्यावर यायला आणखी तीन-चार महिने लागतात आणि 28 पक्ष्यांचा दाणा रोज लागतो. तेवढी तयारी असेल तरच अर्ज करा.

आणि कुणी दारात येऊन म्हणालं, पैसे भरा, पिल्लं आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, तर थांबा. 2019 साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या बाजूने कडकनाथच्या नावावर असाच प्रकार उघडकीला आला आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ कोंबडी चांगलीच आहे. पण तिचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं, आणि ते विकायचं कुठे हे आधी तुमच्या स्वतःच्या बाजारात विचारून बघा.

बाहेरून आणलेल्या असोत की घरी निघालेल्या, एका वेळी दोन-चार कोंबड्या अचानक मेल्या तर त्या उकिरड्यावर टाकू नका. कुत्र्यांना घालू नका, विकू नका, खाऊ नका. 2006 साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा आणि डॉक्टर सांगतील तसं करा. मुलांना खुराड्यापासून दूर ठेवा आणि हात साबणाने धुवा.

घरचीच अंडी दर वर्षी बसवत राहणार असाल तर कोंबडा बदलत जा. बाप तोच राहिला आणि त्याच्याच लेकी रवणावर आल्या की पिल्लं अशक्त निघायला लागतात. दुसऱ्या गावातल्या एखाद्या घराशी अदलाबदल करा. तुमचा कोंबडा त्यांना द्या, त्यांचा तुम्ही घ्या, आणि तोही तीन आठवडे वेगळा बांधून ठेवा.